नसलेल्या गावाचा आवाज

रेकॉर्ड लगेच लावायची नाही. आधी कव्हर मांडीवर घ्या आणि नुसतं बघत बसा.

हे मार्टिन डेनीचं 'एक्झॉटिका'. लिबर्टी कंपनीने १९५७ मध्ये काढलेलं. बांबूच्या मण्यांचा पडदा आणि त्याच्या फटीतून रोखून बघणारी एक बाई. आता मनाला एवढंच विचारा: ही बाई कुठली? पडद्यामागचं गाव कुठलं? उत्तर द्यायला धावू नका. मन काय काय पुरवतं ते बघा. कुणाला बाली आठवेल, कुणाला ताहिती. कुणाला जुन्या हिंदी सिनेमातला क्लब आठवेल, पांढरा कोट घालून कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या खलनायकासकट.

बाईचं नाव सँडी वॉर्नर. अमेरिकेतली मॉडेल. डेनीच्या पहिल्या कितीतरी रेकॉर्डींवर तीच आहे; केसांचा रंग बदललेला, पेहराव बदललेला आणि त्याबरोबर देशही बदललेला. म्हणजे पडद्यामागे गाव नाहीच, फोटोचा स्टुडिओ आहे. हे कळलं की थोडा हिरमोड होतो. होऊ द्या. या छंदात तो वरचेवर भेटतो, तेव्हा त्याच्याशी सुरुवातीलाच ओळख झालेली बरी.

आता रेकॉर्ड बाहेर काढा. कड अंगठ्यावर, लेबल बोटांवर. खाचांना हात लागता कामा नये. उजेडात तिरकी धरा. चोरबाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून आलेली असेल तर तिने बरेच पावसाळे काढलेले असतात, आणि खाचांवर बुरशीचे पांढुरके ठिपके दिसतात. साधं पाणी, साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं. पुसायचं ते गोल, खाचांच्या दिशेने, आणि लेबल कोरडं ठेवून. बुरशी जाते, ओरखडा जात नाही. त्यावरून नख हलकेच फिरवा. नखाला लागला नाही तर बहुधा निभावतं. लागला तर सुई दर फेरीला तिथे ठेच खाणार. शेवटच्या गाण्यानंतर, लेबलाभोवती, खाचा नसलेला एक गुळगुळीत पट्टा उरतो. त्यावर बारीक आकडे आणि अक्षरं कोरलेली असतात. मुरलेला संग्राहक कव्हरच्या आधी ते वाचतो. कव्हर कुणाचंही कुणाला घालता येतं, कोरलेला आकडा बदलता येत नाही.

सुई ठेवा. 'क्वाएट व्हिलेज'.

पियानोच्या खालच्या सप्तकात एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, संथ. त्यावर व्हायब्राफोनचे लांबणारे सूर. ते वाजवतोय आर्थर लायमन. आणि मग पक्षी. चाल जाऊ द्या, ती पुन्हा येईल. आता फक्त पक्ष्यांकडे कान द्या. एक शीळ, एक किंचाळी, एक लांब हाक. हे पक्षी कोणत्या झाडावर बसले असतील? जरा वेळ ऐकलंत की ध्यानात येतं, ते एका माणसाच्या घशात बसले आहेत. माणूस ऑगी कोलॉन, चमूतला बाँगो वाजवणारा.

डेनी ही हकीकत सांगत असे. होनोलुलुतल्या हवाईयन व्हिलेज हॉटेलच्या शेल बारमध्ये त्याचा चौघांचा चमू वाजवायचा. शेजारी लहानसं तळं, त्यात बेडूक. एका रात्री लक्षात आलं, चमू वाजवू लागला की बेडूक ओरडू लागायचे, वाजवणं थांबलं की तेही गप्प. ते बघून वादकांनी गंमत म्हणून पक्ष्यांचे आवाज काढले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन विचारलं, ते पक्ष्यांचं आणि बेडकाचं गाणं पुन्हा वाजवाल का? तेव्हापासून पक्षी चमूत कायमचे आले, आणि बेडकाचं काम डेनीने स्वतःकडे घेतलं: आडव्या खाचा असलेल्या वाद्यावर काडी घासून.

चाल डेनीची नव्हेच. ती लेस बॅक्स्टरची, १९५१ च्या 'रिच्युअल ऑफ द सॅव्हेज' या रेकॉर्डमधली. बॅक्स्टर टेक्सासचा. त्याच्याकडे ती म्हणजे वाद्यवृंदाचा मोठा पसारा आहे. डेनीने ती चौघांत बसवली, आणि माझ्या मते चौघांचीच बरी. १९५९ मध्ये ही चाल अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेली, 'एक्झॉटिका' पहिल्यावर. त्याच वर्षी हवाई अमेरिकेचं पन्नासावं राज्य झालं. पॅसिफिकमधल्या बेटांवर लढून आलेली पोरं आता चाळिशीकडे झुकली होती, घर-गाडी-दिवाणखाना झाला होता. त्यांनी प्रत्यक्षात बेटांवर चिखल आणि मलेरिया पाहिला होता. दिवाणखान्यासाठी त्यांना दुसरं बेट हवं होतं.

इथे थांबा. सुई चालू राहू द्या, पण कान पक्ष्यांवरून उचला आणि कोलॉनच्या घशाऐवजी त्याच्या हातांवर ठेवा. बाँगो ऐका.

कोलॉन हवाईतल्या पोर्तोरिकन वंशाच्या लोकांपैकी. १८९९ मध्ये पोर्तोरिकोवर मोठं वादळ कोसळलं, शेती गेली, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत हजारो माणसं बोटीने, रेल्वेने, पुन्हा बोटीने हवाईच्या उसाच्या मळ्यांवर मजुरीला नेली गेली. डेनी स्वतः तिशीच्या दशकात एका बँडबरोबर दक्षिण अमेरिकेत काही वर्षं वाजवत हिंडला होता आणि तिथले ताल कानात घेऊन परतला होता. कव्हरवरचं गाव बनावट आहे. कातड्यावर पडणारा हात बनावट नाही, त्याला पत्ता आहे. या रेकॉर्डी जमवायच्या तर मला वाटतं एवढीच साधना: पडद्यावरून नजर काढून हातावर आणायची. ती एकदा करून भागत नाही. दर रेकॉर्डला पडदा पुन्हा समोर येतो.

मग १९५८ च्या सुमाराला स्टिरिओ रेकॉर्डी बाजारात आल्या. डोळे मिटा आणि मनाने खाचेत उतरा. खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी आहे, दोन भिंतींची. मधल्या भोकाकडच्या भिंतीवर डावा आवाज, बाहेरच्या भिंतीवर उजवा. सुई एकच. दोन्ही भिंती तिला आपापल्या परीने ढकलतात आणि ती एकाच वेळी दोघींचं ऐकते. या युक्तीवर काही वर्षं एक अख्खा धंदा चालला. एनॉक लाइटच्या कमांड कंपनीची 'पर्सुएसिव्ह पर्कशन' १९५९ ची. १९६० मध्ये ती तेरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. बाँगो डावीकडे, लगेच उजवीकडे, पुन्हा डावीकडे. ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर वादक येत नाही. दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध सोफा सरकवून बसलेला आणि शेजाऱ्याला बोलावून दाखवणारा गृहस्थ येतो. कव्हर मात्र योसेफ आल्बर्सचं, बाउहाउसमध्ये शिकवलेल्या चित्रकाराचं: पांढऱ्यावर काळ्या ठिपक्यांची शिस्त, आणि काही ठिपके शिस्त मोडून वर उडालेले. कव्हरसाठी घ्या, खुशाल घ्या. मेक्सिकोचा एस्किवेल याहून कितीतरी वात्रट आणि कितीतरी हुशार. १९६२ च्या 'लॅटिन-एस्क'साठी त्याने वाद्यवृंद दोन वेगळ्या स्टुडिओंत बसवला, डावा एकीकडे आणि उजवा दुसरीकडे.

आता रेकॉर्ड बदला. टीटो पुएंते, 'पुएंते इन पर्कशन', टिको कंपनी, १९५६. पियानो नाही, ट्रंपेट नाही. टिंबालेसवर पुएंते, मोंगो सांतामारिया, विली बोबो आणि पाताटो वाल्देस हे बाकीचे तालवादक, बासवर बॉबी रॉड्रिगेझ. चाल धरायला काही नाही म्हणून पहिल्यांदा कान गांगरतो. गांगरू द्या.

मग आपल्याजवळ आहे ते काढा: तीनताल. सोळा मात्रा मनात मोजा, सावकाश. टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला, खाली नवव्या मात्रेला. दोनचार आवर्तनं होऊ द्या. आता मोजणी तशीच ठेवा, पण टाळ्या बदला. पहिली, चौथी, सातवी. मग अकरावी, तेरावी. आधी तीन, मग दोन. पुन्हा. एक, चार, सात, अकरा, तेरा. सातवरून अकरावर जाताना मध्ये जी मोकळी जागा लागते ती भरू नका. हीच क्यूबाची क्लावे. कठीण लाकडाच्या दोन आखूड कांड्या एकमेकींवर आपटून ती वाजवतात, आणि कुणी वाजवत नसलं तरी सगळे वादक तिला मनात धरून असतात, आपण लेहरा धरून असतो तशी.

थोडा हात बसला की एक गंमत दिसेल. सम दोन्हीकडे आहे, तेरावी मात्रा दोन्हीकडे आहे. नववीला आपली खाली, आणि क्लावेतही तिथे आघात नाही. हा निव्वळ योगायोग, त्यावरून हवानाचं आणि बनारसचं नातं जोडायचं कारण नाही. पण हात शिकायला तो उपयोगी पडतो. जिथे जमत नाही तिथेच खरा फरक आहे: चौथी, सातवी, अकरावी. आपल्या ठेक्याचे चार-चारचे खण ओलांडून या तीन टाळ्या तिरप्या पडतात. सातवी एका मात्रेने पुढे ढकलून आठवीला घेतलीत की तीच क्लावे रुंब्याची होते. एकच टाळी हलली, पण बसल्या जागी पाय वेगळे हलू लागतात.

आता काँगा ऐका, आणि तिचे सगळे बोल नव्हे, फक्त खुले दोन. तळव्याचा मागचा भाग आणि बोटांची टोकं आळीपाळीने कातड्यावर डुलतात, तो आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. मधेच एक चापट कडाडते. आणि मग दोन खुले, घुमणारे ठोके. ते कुठे पडतात ते सोळांत शोधा. सात-आठ. पंधरा-सोळा. म्हणजे समेवर नाही, समेच्या अगदी तोंडाशी. आपला कान जन्मभर समेवर येऊन 'वा' म्हणायला शिकलेला. इथे दाद द्यायची जागा समेच्या आधीच निघून जाते आणि सम येते तेव्हा वादक पुढच्या कामाला लागलेले असतात. ही अस्वस्थता लवकर मिटवू नका. लॅटिन संगीतावर माणसं नाचतात त्याचं एक कारण हेच असावं. कान जिथे टेकायला जातो तिथे पाट नसतो, मग पावलालाच काहीतरी करावं लागतं.

जुन्या काँगांचं कातडं लाकडाला खिळ्यांनी ठोकलेलं असे. ताणायला चाव्या नव्हत्या, म्हणून वाजवण्यापूर्वी ते ज्योतीवर धरून शेकायचं. गार झालं की सूर उतरायचा. हलगी वाजवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. कागदाचा किंवा पाचोळ्याचा जाळ करून तो तेच करतो. चाव्या आल्यावर ज्योत गेली. पण चाळिशीच्या आणि पन्नाशीच्या दशकांतल्या रेकॉर्डींमधल्या काँगा ऐकताना मी मनाशी ज्योत धरूनच ऐकतो.

चानो पोसो हे नाव इथे घ्यायलाच हवं. हवानाचा हा काँगावादक १९४७ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि डिझी गिलेस्पीच्या बँडमध्ये बसला. दोघांना कळेल अशी धड एक भाषा नव्हती. पोसो तुकडे गाऊन दाखवायचा: बास असा, सॅक्सोफोन असे, ट्रंपेट असे. त्यातून 'मांतेका' उभी राहिली, डिसेंबर १९४७ मध्ये ध्वनिमुद्रित झाली. डिसेंबर १९४८ मध्ये हार्लेममधल्या एका बारमध्ये त्याला गोळी घातली गेली. वय तेहतीस. 'मांतेका' लावाल तेव्हा ट्रंपेटांचा स्फोट होण्याआधीची सुरुवात दोनदा ऐका. त्यात काँगा आहे, बास आहे, आणि एकाच शब्दाची आरोळी देणारा माणूस आहे.

आता जरा अवघड मनन. आतापर्यंत पडद्यामागे दुसरी माणसं होती. या खेपेला तिथे आपण.

कोर्ला पंडित. १९४९ पासून लॉस एंजेलिसच्या दूरचित्रवाणीवर हॅमंड ऑर्गन वाजवायचा. डोक्याला फेटा, कपाळावर मधोमध रत्न, कॅमेऱ्याकडे एकटक नजर, तोंडातून शब्द नाही. वडील दिल्लीचे ब्राह्मण, आई फ्रेंच गायिका, असं सांगितलं जायचं. फँटसी कंपनीने त्याच्या रेकॉर्डी काढल्या. लाल रंगाच्या पारदर्शक व्हिनाइलवरची एखादी हाती लागली तर उजेडात धरून बघा, सरबतासारखी दिसते. १९९८ मध्ये तो गेला. २००१ मध्ये एका पत्रकाराने छापलं की त्याचं खरं नाव जॉन रोलँड रेड. मिसुरी राज्यातला, कृष्णवर्णीय अमेरिकन. आधी तो हुआन रोलांदो या नावाने मेक्सिकन म्हणून वाजवत असे. आपल्याला 'कोर्ला' ऐकून कोर्लई किल्ला आठवतो आणि हसू येतं. असल्या नावाचा पंडित दिल्लीत कधी झाला असेल का! तिकडे मात्र ते खपून गेलं.

हसू ओसरू द्या. त्यानंतर काय उरतं ते बघा. त्या काळच्या अमेरिकेत कृष्णवर्णीय वादकाला अशा कार्यक्रमात बहुधा जागा मिळाली नसती. परक्या हिंदूला मिळाली, कारण हिंदू कुणी पाहिलाच नव्हता, नुसता कल्पिला होता. आपला फेटा कुणाच्या तरी पोटापाण्याला उपयोगी पडला. राग मानायचा तर कुणावर मानायचा? मी त्याची रेकॉर्ड लावतो तेव्हा 'हे भारतीय नाही' असं म्हणत ऐकत नाही. ते मला पहिल्या सुरालाच कळतं. सेंट लुईसमध्ये जन्मलेला एक मुलगा पियानोवर किती तयार झाला होता, ते ऐकतो. आणि याच्या शेजारी इमा सुमाकला ठेवा. ती खरोखर पेरूची. १९५० ची तिची 'व्हॉइस ऑफ द श्तबाय' बॅक्स्टरच्याच वाद्यवृंदाबरोबर. तिच्या गळ्याची झेप इतकी अचाट की लोकांनी कंडी पिकवली: ही ब्रुकलिनची एमी कामस, नाव उलटं करून गाते. खऱ्या बाईला खोटी ठरवलं, खोट्या पंडिताला खरा मानला. दोन्ही वेळा मोजमाप एकच होतं: मनातल्या पडद्याशी जुळतं की नाही.

या खेळाला नेमकं उत्तर दिलं ते जपानने. हारुओमी होसोनोने १९७८ मध्ये यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा काढला तोच डेनीची 'फायरक्रॅकर' सिंथेसायझरवर वाजवायला. तुम्ही कल्पिलेला पूर्वेकडचा माणूस मीच वाजवून दाखवतो, आणि यंत्रावर.

आपण उत्तर दिलं नाही. आपण तोच खेळ घरी मांडला, आणि फार मजेत मांडला. ज्या १९५१ मध्ये बॅक्स्टरची ती रेकॉर्ड निघाली त्याच वर्षी मुंबईत भगवानदादांचा 'अलबेला' आला. संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचं. 'शोला जो भडके' मध्ये बाँगो, आणि 'दीवाना परवाना' मध्ये चिक चॉकलेटचा अख्खा ताफा पडद्यावर, झालरी लावलेले लॅटिन थाटाचे कपडे घालून. चिक म्हणजे हळदोण्याचा गोंयकार, अँटोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या हॉटेलांतून ट्रंपेट वाजवून नाव कमावलेला. दादरच्या चाळीतल्या माणसांनी आपल्यासाठी एक हवाना उभं केलं. तेही पडद्यामागचं गावच.

त्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या. धुताना एक लक्षात ठेवा: व्हिनाइलला चालणारं स्पिरिट यांना अजिबात नको, लाख विरघळते. १९३० मध्ये डॉन अस्पियासूच्या 'एल मानिसेरो'ने अमेरिकेला रुंब्याचं वेड लावलं, तीही लाखेचीच तबकडी. आणि जगाची बहुतेक लाख तेव्हा भारतातून जायची. हवानाचा ताल न्यूयॉर्कला ज्यावर उमटला तो माल बहुधा आपल्याकडच्या पळसावरच्या किड्यांनी पुरवला होता. मला या गोष्टीचं उगीचच समाधान वाटतं.

'अलबेला'ची तबकडी लावा आणि क्लावे मोजायचा हट्ट करू नका. फक्त बाँगो शोधा. मग सुई उचला आणि लेबल वाचा. चित्रपटाचं नाव आहे, लता आणि चितळकर आहेत, संगीत दिग्दर्शक आहे. वाजवणाऱ्यांपैकी कुणी नाही. नोटेशन लिहून देणारे गोव्याचे वादक नाहीत, हिंदी सिनेमात लॅटिन तालवाद्यं रुळवणारे कावस लॉर्ड नाहीत.

आतल्या कागदी पाकिटावर आपण लिहायचं. पेन्सिलीने, आणि पाकिटातून तबकडी काढून ठेवल्यावर, नाहीतर टोकाचा दाब खाचांवर उमटतो. चिक चॉकलेट, ट्रंपेट. आणखी एखादं नाव खात्रीचं कळलं की त्याखाली तेही, त्याच्या वाद्यासकट. दोन ओळींत अंतर सोडा, भर पडत राहते.